शिक्षक, समाजमाध्यमे आणि मुलांची खासगी माहिती

शिक्षक समाजमाध्यमे मुख्यतः दोन हेतूंनी वापरतात : स्वतःच्या व्यावसायिक अध्ययनासाठी आणि विद्यार्थी-पालकांशी संवादासाठी.

पहिल्या हेतूचे ठळक उदाहरण म्हणजे २००९ साली अमेरिकी शिक्षकांनी ट्विटरवर सुरू केलेली ‘एडचॅट’ ही साप्ताहिक चर्चा. ठरलेल्या वेळी, एका हॅशटॅगखाली, एकाच विषयावर शिक्षक अनुभव मांडू लागले. दूरच्या शाळेतील एकाकी शिक्षकालाही त्यामुळे सहकारी लाभले.

दुसरा वापर २०२० मध्ये अपरिहार्य ठरला. करोनाकाळात शाळा बंद झाल्यावर महाराष्ट्रात व्हॉट्सॲप गटांवरून स्वाध्याय घरोघरी पोहोचले. मात्र ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, तेथील मूल वर्गाबाहेरच राहिले.

या संवादाला कायद्याची चौकटही आहे. अमेरिकेतील १९७४ चा ‘फर्पा’ कायदा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना संरक्षण देतो. १९९८ च्या ‘कोपा’ कायद्यानुसार तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यापूर्वी संकेतस्थळांना पालकांची संमती घ्यावी लागते. मात्र ‘फर्पा’ केवळ केंद्रीय शिक्षण विभागाचा निधी घेणाऱ्या संस्थांना लागू होतो. त्यामुळे स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या मराठी शाळा बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहतात आणि तेथे शिक्षकांचा विवेक हाच नियम ठरतो.

म्हणूनच काही पथ्ये आवश्यक आहेत : गुण किंवा तक्रार गटावर न मांडता संबंधित पालकांनाच कळवावी, छायाचित्रांसाठी लेखी संमती घ्यावी, शिक्षकाचा खासगी क्रमांक व शाळेचा गट वेगळा ठेवावा, आणि प्रत्येक सूचना फोनविना पोहोचण्याचा एक मार्ग खुला असावा.