मेलेल्या बैलापुढील चारा : पालि साहित्यातील शोकोपचार

मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात भारहूत नावाचे गाव आहे. तेथील स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडले आणि स्तूपाच्या दगडी कठड्याचा मोठा भाग आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या या कठड्यावर एका शिल्पात एक बैल जमिनीवर पडलेला असून एक तरुण त्याच्या तोंडापुढे चारा धरून आहे. हा गोठ्यातील नित्याचा प्रसंग असावा, असेच पाहणाऱ्यास प्रथम वाटते. परंतु शिल्पावर ब्राह्मी अक्षरांत ‘सुजातो गहुतो जातक’ असे कोरलेले आहे, आणि ते वाचले म्हणजे कळते की हा बैल मेलेला आहे.

सुजात जातक हे पालि जातकसंग्रहातील ३५२ वे जातक. वाराणसीतील एका गृहस्थाचा पिता वारला. त्याने स्मशानातून अस्थी आणल्या, आपल्या बागेत मातीचा स्तूप उभारून त्यात ठेवल्या, आणि तेथे फुले वाहून आक्रोश करणे हाच त्याचा दिनक्रम झाला. तो स्नान करीना, अंगाला उटी लावीना, जेवीना, व्यवहारही पाहीना. त्याचा मुलगा सुजात याने बापाला एका शब्दानेही उपदेश केला नाही. नगराबाहेर एक बैल मरून पडला होता. सुजात गवत व पाणी घेऊन त्याच्यापाशी गेला आणि ‘खा, पी’ अशी विनवणी करू लागला. येणारेजाणारे म्हणू लागले, पोराला वेड लागले. ही वार्ता बापाच्या कानी गेली. येथे अट्ठकथाकार एक मार्मिक वाक्य लिहून जातो, त्याचा आशय असा की, त्या क्षणी बापाचा पितृशोक निघून गेला आणि पुत्रशोक उत्पन्न झाला.

बाप धावत आला. तेव्हा सुजात म्हणाला की, या बैलाचे डोके, पाय, शेपूट सर्व जागच्या जागी आहे, म्हणून तो उठेल असे मला वाटले. आजोबांचे तर डोके नाही, हात नाहीत, पाय नाहीत. मातीच्या ढिगाऱ्यापुढे रडणारे तुम्ही आणि मी, यांत वेडा कोण?

आमच्या मते कथेचे सामर्थ्य या युक्तिवादात नाही. तो तर कोणीही सुचवला असता. सामर्थ्य त्याच्या आधीच्या क्षणात आहे. स्तूपाकडे तोंड करून बसलेला माणूस जिवंत मुलाच्या काळजीने उठतो, चालू लागतो. तो चालू लागल्यावरच त्याच्याशी बोलणे झाले. तोपर्यंत मुलाने एका मुक्या जनावरामार्फत बोलणे पसंत केले.

याच गाथा पेतवत्थूमध्ये ‘गोणपेतवत्थु’ या नावाने येतात. मृतांना पुण्य पोहोचवण्याच्या कथांनी भरलेल्या या संग्रहात ही कथा काहीशी परकी वाटते. येथे कोणी पेत नाही, दान नाही, विधीही नाही. जी काही चिकित्सा आहे ती जिवंत माणसाची आहे.

स्नान, उटी, भोजन आणि कामकाज ही चौकट मात्र या एकाच कथेची नव्हे. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात पाटलिपुत्राच्या मुण्ड राजाचे वृत्त आहे. राणी भद्दा वारल्यावर राजानेही या चारही गोष्टी सोडल्या, आणि तिचा देह तेलाच्या लोखंडी पात्रात ठेवावयास लावला. कोशाध्यक्ष पियक त्याला कुक्कुटारामात नारद थेरांकडे घेऊन गेला. या देसनेचे नावच ‘सोकसल्लहरण’, म्हणजे शोकरूपी शल्य उपटून काढणारी, असे सांगितले आहे. देसना संपल्यावर राजा दहनाची आज्ञा देतो आणि म्हणतो की, आजपासून मी स्नान करीन, उटी लावीन, जेवीन, कामे पाहीन. दुःख निःशेष झाले असा दावा सुत्त करीत नाही. माणूस बरा झाल्याची खूण म्हणून ते त्याच्या अंघोळीकडे आणि ताटाकडे बोट दाखवते.

आधुनिक मानसोपचाराच्या इतिहासात जनावरांचा प्रवेश निराळ्या वाटेने झाला. इंग्लंडमधील यॉर्क येथे क्वेकर पंथीय विल्यम टय़ूक यांच्या पुढाकाराने १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णांचे निवासस्थान सुरू झाले. साखळदंडांऐवजी सौजन्याची वागणूक हे त्याचे ब्रीद होते. सॅम्युएल टय़ूक यांनी १८१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनात तेथील अंगणांत ससे, समुद्रपक्षी, ससाणे व कोंबड्या ठेवल्याचा उल्लेख आहे. त्यांच्या सहवासाने रुग्णांमध्ये स्नेहभाव जागा होतो, असा अनुभव होता. पुढे न्यूयॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल, स्वतःतच मिटलेला मुलगा वेळेआधीच आणला गेला. त्यांचा ‘जिंगल्स’ हा कुत्रा खोलीतच होता. मुलगा डॉक्टरांशी नव्हे, कुत्र्याशी प्रथम जवळीक करू लागला. १९६२ मध्ये लेव्हिन्सन यांनी कुत्र्याला सहचिकित्सक म्हणणारा लेख लिहिला. आज आघात व वियोग यांनी खचलेल्यांसाठी अनेक देशांत कुत्रे, घोडे इत्यादींचे साहाय्य घेतले जाते.

यावरून प्राण्यांच्या साहाय्याने करावयाची चिकित्सा मूळची बौद्धांचीच, असे म्हणण्याचा मोह कोणास झाल्यास तो आवरावा. जिंगल्स जिवंत होता, आणि त्याचा स्पर्श हेच औषध होते. सुजाताचा बैल हा केवळ आरसा आहे. साम्य एवढेच की, दोन्ही ठिकाणी शब्द मागाहून आले.

हे आम्ही का लिहितो, तेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास आम्ही उपस्थित होतो. तरुण मुलगा अपघातात गेला होता. एका वक्त्याने अनित्यतेवर पाऊण तास प्रवचन केले, आणि त्यानंतर उभे राहून आम्हीही तेच, थोड्या अधिक गाथांसह, सांगितले. आई भिंतीला टेकून होती. तिच्या पुढ्यातला चहा निवून गेला होता. आम्ही बोलत असतानाच शेजारची एक म्हातारी उठली, तिने दुसरा चहा आणला, ‘घे बाई, दोन घोट घे’ म्हणत कप तिच्या ओठांना लावला. ती प्यायली. आमची कोणती गाथा तिच्या कानी गेली असेल, याची आम्हांस शंकाच आहे.

वास्तविक ग्रंथ आमच्या हाती होते. किसा गोतमी मेलेले बाळ कडेवर घेऊन औषध मागत आली, तेव्हा तथागतांनी तिला अनित्यता सांगितली नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरच्या मोहऱ्या आणावयास पाठवले. (थेरीगाथेतील तिच्या गाथांत मोहऱ्या नाहीत, तो प्रसंग अट्ठकथेतला आहे.) तिला दारोदार चालावे लागले, आणि प्रत्येक दारात कोणाचे ना कोणाचे दुःख ऐकावे लागले. चार अपत्ये गमावलेल्या परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तिची कथा घेतली आहे.

पटाचारेची कथा याहून दारुण. पती सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले गेली, आईवडील व भाऊ घर कोसळून त्याखाली सापडले. ती विवस्त्र भटकू लागली, लोक तिच्यावर ढेकळे फेकू लागले. अट्ठकथेप्रमाणे बुद्धांचे पहिले शब्द ‘भगिनी, स्मृती परत मिळव’ एवढेच होते. ती भानावर आली, तशी कोणा एका माणसाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. ते तिने नेसले, आणि देसना त्यानंतर झाली.

हीच पटाचारा पुढे थेरी झाली. मुले गमावलेल्या पाचशे स्त्रिया तिच्याकडे आल्याचे परंपरा सांगते, आणि त्यांच्या गाथा थेरीगाथेत आहेत. हृदयात रुतलेले, दिसत नसलेले शल्य हिने काढले, असे त्या स्त्रिया तेथे बुद्धांविषयी नव्हे, पटाचारेविषयी म्हणतात.