वायपर मोटर व स्विच (मोटारगाडीतील जोडणी)

मोटारीच्या काचेवरचे पाणी निपटणारी पाती हलवणारी बारा व्होल्टची मोटर आणि चालकाच्या हाताशी असलेला तिचा स्विच यांची तारजोडणी. कारखान्यातून आलेल्या गाडीत तिच्याकडे कुणी पाहत नाही. प्रश्न पडतो तो सुट्या भागांतून गाडी जोडताना किंवा जुनी पुन्हा उभी करताना. मुंबईत याचे ठळक उदाहरण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. हौसेने जपलेल्या पद्मिनीची मूळ मोटर गेली आणि ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारातून दुसऱ्याच गाडीची आणली, की तारांचे रंग जुळतीलच असे नाही. मग रंग सोडून तारेचे काम ओळखावे लागते.

या जोडणीत खरी अवघड स्थिती एकच : ‘बंद’. कायम चुंबकाच्या दोन गतींच्या मोटरला बहुधा पाच तारा असतात. जर्मन मानक ७२५५२ प्रमाणे ५३ हा मंद गतीचा ब्रश, ५३बी जलद गतीचा, ३१ म्हणजे अर्थ आणि ५३ए हा इग्निशनमधून फ्यूजमार्गे येणारा पुरवठा. (जलद गतीचा ब्रश मुद्दाम बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे आर्मेचरचे कमी वेढे कामाला येतात, विरोधी दाब घटतो आणि मोटर पळते.) या चार कुणीही लावेल, चुका होतात त्या पाचवीपाशी, ५३ईपाशी. ‘बंद’ केल्यावर स्विचने मंद ब्रश पुरवठ्यापासून तोडून ५३ईला जोडायचा असतो. पाते वर असेपर्यंत मोटरच्या आतली चकती या तारेतून वीज देत राहते. पाते खाली टेकले की तीच तार अर्थवर टाकते. मोटरची दोन्ही टोके अशी एकत्र आली की ती क्षणभर जनित्र होते आणि स्वतःच्याच प्रवाहाने थांबते. म्हणून स्विचमध्ये पुरवठ्याचा संपर्क सुटल्यावरच ५३ईचा लागला पाहिजे. दोन्ही एकदम लागले, तर पाते जागेवर येताच पुरवठा थेट अर्थला भिडतो. वायपर जेमतेम एक फेरी मारून फ्यूज उडवत असेल, तर मोटर बदलण्याआधी स्विच तपासावा.

इतका खटाटोप कशाला, साधा चालू-बंद स्विच लावून पाते खाली आल्यावर चालकानेच बंद करावे, असा आक्षेप घेता येतो. पण लालबागच्या गर्दीत, रिमझिम सरींत दर मिनिटाला हा नेम साधायचा म्हणजे नजर रस्त्यावरून पात्याकडे वळणार. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पाते खाली आल्यावर नुसती वीज तोडली तरी पुरे, अर्थवर टाकायचे कारण काय? मे महिन्यात तपासले तर हे पटतेही, कारण कोरड्या काचेचे घर्षणच ब्रेकचे काम करते. जूनमध्ये ओल्या काचेवर मोटर आपल्या वेगाने थोडी पुढे सरकू शकते, चकती पुन्हा वीज देणाऱ्या भागावर येते आणि वायपर थांबायचे नाव घेत नाही. तेव्हा चाचणी काच भिजवूनच घ्यावी. स्विचचे संपर्क जपण्यासाठी रिले घालणे योग्य, मात्र तो पाच पिनांचा हवा. चार पिनांचा रिले जोडतो आणि तोडतो. ‘बंद’ असताना मंद ब्रश ५३ईकडे वळवण्यासाठी त्याच्याकडे संपर्कच नसतो.

अर्थकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मोटर रबरी बुशांवर बसवलेली असेल किंवा बॉडी फायबरची असेल, तर ‘बॉडी अर्थ’ या शब्दाला अर्थ उरत नाही; बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत वेगळी जाड तार ओढावी लागते. ही तार कच्ची असेल तर ते उन्हाळ्यात सहसा कळत नाही. पावसाळ्यात मात्र दादरच्या हिंदमाता चौकातल्या तुंबलेल्या पाण्यासमोर गाड्यांची रांग लागते, इंजिन मंद चालते, दिवे आणि वायपर दोन्ही लागलेले असतात, आणि तेव्हा पाती काचेच्या मध्यावर रेंगाळू लागतात.