एका पेल्यातून

नगर जिल्ह्यातल्या जुन्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला कोणी पंथ विचारला, तर तो काँग्रिगेशनल किंवा अँग्लिकन असलं काही सांगत नसे. "आम्ही अमेरिकन मिशनचे" किंवा "आम्ही एस.पी.जी.चे," एवढंच त्याचं उत्तर. माझे वडील अमेरिकन मिशनचे, आई एस.पी.जी.ची. पाळक म्हणून दोन्हीकडच्या मंडळ्यांत सेवा केल्यावर मला वाटतं, आमचा निम्मा इतिहास या उत्तरात आहे. आमच्या माणसांनी ग्रंथ चाळून पंथ निवडला नव्हता. ज्या मिशनची शाळा गावात आधी आली, ज्याचा मास्तर महारवाड्यात येऊन राहिला, त्या मिशनचे ते झाले.

अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ साली सुरू झालं आणि १८३१ साली नगरला आलं. पुढची कित्येक वर्षं जिल्ह्यात त्यांचंच काम होतं. एका मिशनच्या क्षेत्रात दुसऱ्यानं जाऊ नये, असा मिशनरी लोकांत संकेत असे. नगरमध्ये तो टिकला नाही. १८७०च्या दशकात इंग्लंडच्या चर्चची एस.पी.जी. ही संस्था जिल्ह्यात उतरली. त्याच दशकात १८७६-७८चा दुष्काळ पडला, आणि त्यानंतर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची रांग लागली. माझे पणजोबा त्या रांगेतले. आजोबा सांगत, ओढ्याच्या अलीकडे अमेरिकन मिशनची शाळा होती नि पलीकडे एस.पी.जी.ची, आणि भावकीतली दोन सख्खी भावंडं ओढ्याच्या दोन काठांवर वाटली गेली. एकाच्या घरी लग्न निघालं की दुसऱ्याचा पाळक बोलवायचा की नाही, यावर रुसवेफुगवे होत. परक्या देशांतली भांडणं आमच्या वाड्यावस्त्यांवर अशी येऊन बसली, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं, त्यांच्यात आणखी एक वेस घालायची गरज नव्हती.

पण एवढं बोलून थांबलं तर ते अर्धवट होईल. त्या दोन काठांवर माणसं निरनिराळी घडली, आणि ते घडणं खरं होतं.

आजोबांकडच्या मंडळीत पाळक कोण असावा हे सभासद ठरवत. सभा भरे, हात वर होत, हिशेब वाचला जाई आणि कोणीही उठून विचारी, की हे चार रुपये कुठे गेले. ज्याच्या बापाला चावडीवर मान वर करून बोलायची सोय नव्हती, तो माणूस तिथे ठराव मांडायला शिकला. प्रार्थना तोंडाला येईल त्या शब्दांत करायची. आजोबांच्या प्रार्थनेत पाऊस, कर्ज, बैलाचा पाय, सगळं येई.

आईच्या आईला अक्षरओळख नव्हती. मात्र एस.पी.जी.च्या प्रार्थनेच्या पुस्तकातली सकाळची नि संध्याकाळची उपासना तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ. पापकबुलीची प्रार्थना, विश्वासांगीकार, कितीतरी स्तोत्रं. पाळक महिना-महिना गावात येत नसे तेव्हा ती चुलीपाशी बसून सगळी उपासना म्हणे आणि आम्ही नातवंडं उत्तरं देत असू. पुस्तकातली प्रार्थना कोरडी असते, असं कोणी म्हटलं की मला ती आठवते. वाचता न येणाऱ्या बाईच्या हाती संपूर्ण उपासना देण्याचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

हे दोघं व्याही-विहीण. आजोबा म्हणायचे, "आमच्यात पाळकाला मंडळी नेमती, ईनबाई. तुमच्यात तो वरून येतो." आजी म्हणायची, "सगळं वरूनच येतंय की, पाव्हणं. पाऊससुद्धा."

या दोघांचा खरा मतभेद प्रभुभोजनाचा. आजीच्या मंडळीत वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि एकाच पेल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे. आजोबांच्या मंडळीत, त्यांच्या तरुणपणीच, छोट्या पेल्यांचा ट्रे आला होता. सभासद जागेवर बसत आणि मंडळीचे वडील तो ट्रे रांगेरांगेतून फिरवत. शास्त्रातली वचनं दोघांनाही पाठ होती, पण वाद वचनांवर चालत नसे. दोघांकडे एकेक गोष्ट होती.

आजीची गोष्ट तिच्या वडिलांची. महाराच्या पाणवठ्यावर मांगाला पाणी मिळत नसे, तो काळ. नव्यानं बाप्तिस्मा घेतलेला एक मांग गृहस्थ पहिल्यांदा प्रभुभोजनाला आला आणि नेमका तिच्या वडिलांच्या आधी गुडघे टेकून बसला. पेला त्याच्या ओठाला लागून यांच्यापुढे आला. सगळी मंडळी पाहत होती. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून बाहेर गेली. वडिलांनी पेला घेतला, प्याले, आणि घरी आल्यावर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी ते त्या गृहस्थाच्या घरी जाऊन जेवून आले. आजी म्हणे, "पेला निरनिराळा असता तर माझा बाप त्या घरी कशाला गेला असता?"

आजोबांची गोष्ट त्यांच्या धाकट्या भावाची. त्याला क्षय झाला होता. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. मंडळीत त्या वेळी एकच पेला चाले. भाऊ उपासनेला येई, पण दाराशी बसे. आपल्यामुळे लेकराबाळांना दुखणं लागेल, या भीतीनं त्यानं प्रभुभोजन सोडलं होतं. त्याला कोणी मनाई केली नव्हती. छोटे पेले आले त्या रविवारी आजोबांनी त्याला धरून पुढच्या रांगेत आणून बसवलं. मरण्याआधी तो तीन-चार वेळा तरी प्रभूच्या मेजाशी बसला, हे आजोबा दर वेळी सांगत, आणि दर वेळी त्यांचा आवाज बदले.

पुढे धर्मशिक्षणात मी प्रभुभोजनावरचे मोठमोठे वाद अभ्यासले. त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. पण एकानं पेला धरून ठेवला तो कोणाला तरी आत घेण्यासाठी, आणि दुसऱ्यानं तो सोडला तोही कोणाला तरी आत घेण्यासाठी, हे मला या दोन म्हाताऱ्यांकडून कळलं.

एकीचे कागद हळूहळू झाले. १९२४ साली काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या मिळून उत्तर भारताची संयुक्त मंडळी झाली. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. ही संयुक्त मंडळी, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स असे सहा प्रवाह एकत्र आले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट वाटाघाटींत शेवटपर्यंत होते, पण त्याच वर्षी त्यांनी न येण्याचा निर्णय घेतला. पुण्यात मेथॉडिस्ट घरात दिलेली माझी मावशी त्या बातमीनं रडली होती. नागपूरला वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांवर हात ठेवून प्रार्थना झाली. कोणाची दीक्षा पुरी, कोणाची अपुरी, हा निवाडा माणसांनी केला नाही, देवावर सोपवला. शेकडो वर्षांच्या वादातून निघायचा याहून नम्र मार्ग मी पाहिलेला नाही.

अर्थात गाणी त्याआधीच एक झाली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली अमेरिकन मिशनमध्ये आले, पण त्यांची भजनं ओढा कधीच ओलांडून गेली होती. आजी आणि आजोबा दोघंही ती आपलीच समजत. टिळकांनी शेवटच्या काळात मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. तेवढी मोकळीक आमच्या घटनांना अजून साधलेली नाही.

आज माझ्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत. आमच्या चर्चमध्ये बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. तरी नव्या फेलोशिपमध्ये जाणारी आमची मुलं पुन्हा पाण्यात उतरतात आणि आई-बाप माझ्याकडे येतात. मी त्या मुलांची नावं रजिस्टरमधून काढत नाही. त्यांच्या प्रार्थनेत जो आवेश असतो, तो आमच्या रविवारच्या उपासनेत कमी पडतो, हे मला स्पष्ट दिसतं. दृढीकरणाच्या वर्गात म्हणून मी मुलांना विश्वासांगीकार पाठ करायला लावतो आणि एक प्रार्थना स्वतःच्या शब्दांत मोठ्यानं करायलाही लावतो. पाठांतर सगळ्यांना जमतं. दुसरं करताना ती लाजतात.

कोविडनंतर सगळीकडे छोटे पेलेच राहिले आहेत. आता काही वडीलधाऱ्यांनी एकाच पेल्याची मागणी केली आहे, आणि काही तरुण आई-बापांचा तिला विरोध आहे. पास्टोरेट कमिटीची सभा पुढच्या महिन्यात आहे. नाताळला आणि पुनरुत्थानाच्या रविवारी एक पेला असावा, ज्यांना भीती किंवा आजार आहे त्यांनी भाकर द्राक्षारसात बुडवून घ्यावी, आणि एरवी छोटे पेले चालू ठेवावेत, असा ठराव मी मांडणार आहे. मतदानाआधी आजीच्या वडिलांची आणि आजोबांच्या भावाची गोष्ट सांगायला मी अध्यक्षांकडे वेळ मागून घेतला आहे.