टेबल कोणाचं? : टेबल टेनिसच्या संघटनांचा इतिहास आणि आपला तालुका



तालुक्याच्या गावी टेबल टेनिसची संघटना चालवणं, हा आजचा विषय. विषय लहान वाटतो. पण माझं सगळं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे मला त्यात एक जुना प्रश्न दिसतो. एखादी वस्तू सगळ्यांची आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ती नेमकी कोणाची असते?

क्रिकेटच्या मैदानावर गल्लीतली वीस-बावीस पोरं एकदम सामावतात. कबड्डीला आखलेली जमीन पुरते. टेबल टेनिसचं टेबल मात्र ९ फूट लांब आणि ५ फूट रुंद. एका वेळी दोघं खेळणार, फार तर चौघं. बाकीचे उभे. म्हणजे या खेळात पहिल्या दिवसापासून रांग आहे. रांग आली की पाळी आली, आणि पाळी कोण ठरवणार हा प्रश्न आला. संघटना जन्माला येते ती इथं.

आता इतिहास बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत, जेवणाच्या टेबलावर हा खेळ सुरू झाला. टेबल घरमालकाचं, तेव्हा खेळायला कोणाला बोलवायचं तेही तोच ठरवणार. पुढं ‘पिंग पाँग’ हे नाव एका कंपनीनं स्वतःच्या नावावर नोंदवून घेतलं. १९२० नंतर तिथल्या खेळाडूंनी संघटना उभी करायला घेतली, तर खेळाचं नावच मोकळेपणानं वापरता येईना. नावालाही मालक होता! म्हणून त्यांनी ‘टेबल टेनिस’ हे मोकळं नाव धरलं. संघटनेच्या इतिहासातला पहिला प्रश्नच मालकीचा होता, हे लक्षात ठेवा.

१९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. संस्थापक ९ देशांमध्ये भारत होता, स्वातंत्र्याच्या २१ वर्षं आधी. महासंघाचे पहिले अध्यक्ष आयव्हर माँटेग्यू. वडील बँकवाले लॉर्ड, आणि मुलगा कम्युनिस्ट! कमी जागेत, कमी खर्चात कामगारांनाही खेळता येईल, म्हणून त्यांना या खेळाचं मोल वाटे. दिवाणखान्यातलं टेबल बाहेर आणायचं, असा तो विचार होता.

आपल्याकडे काय झालं? मुंबईत मरीन लाइन्सला हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना ओळीनं उभे आहेत. नावांवरूनच कळतं, की खेळाच्या दारावर आधी माणसाची जमात विचारली जात होती. या जिमखान्यांनी खेळाडू घडवले, हे मान्य करायलाच हवं. पण दार सर्वांसाठी नव्हतं. पुढं कॉलेजं, रेल्वे वसाहतींमधल्या इन्स्टिट्यूट आणि बँकांची मनोरंजन मंडळं यांनी हा खेळ साध्या नोकरदाराच्या मुलापर्यंत आणला.

१९५२ मध्ये जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. आशियातली ती पहिलीच. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. चेंडूचा नेहमीचा टकटक आवाजच येईना, समोरच्याला वेग कळेना. सातो विजेता ठरला. त्यानंतर कोणती बॅट चालेल यावर सात वर्षं वाद चालला आणि १९५९ मध्ये महासंघानं रबराच्या जाडीचा नियम केला. सातोनं फसवणूक केली नव्हती. नियमच नव्हता. मुद्दा असा, की नियम नसेल तिथं ज्याच्या हाती साधन, त्याचं राज्य.

आता आपल्या भागाकडे या. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. खेळाच्या संघटना जिल्हावार बांधलेल्या असतात. त्यामुळे नकाशावर रेघ पडली की एकाच टेबलावर खेळणाऱ्या दोन पोरांचे संघ वेगळे होतात. शिंदखेड्याचा मुलगा राज्य स्पर्धेत जायचा तर जिल्ह्याच्या निवडीतून जाणार. ती निवड कधी आहे, हे त्याला वेळेवर कळलं नाही, तर त्याचा हात कितीही चांगला असो, वर्ष गेलं.

आपल्याकडची बहुतेक क्रीडा मंडळं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचं. कंटाळवाणं काम आहे, बरं का! पण कायद्यानं वापरलेला शब्द बघा, ‘विश्वस्त’. ज्याच्यावर विश्वास ठेवून वस्तू सोपवली तो. चावी त्याच्याकडे, मालकी त्याच्याकडे नाही. माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका शब्दात आहे.

उरलेलं अर्धं व्यवहारात सापडतं. माझ्या नोकरीच्या काळात एका कॉलेजात उत्तम टेबल होतं. ते घडी घालून भिंतीला लावलेलं असे. तपासणी समिती येणार म्हटलं, की बाहेर निघायचं. समिती गेली की परत भिंतीला! त्या टेबलाची पावती होती, नोंद होती, विमाही असेल. पाळी मात्र कोणाचीच नव्हती.

म्हणून संघटना चालवणं म्हणजे पाळी चालवणं. चेंडूचं वजन २.७ ग्रॅम. पंखा लावला की तो भरकटतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो, तेव्हा बंद पंख्याखाली दुपारी सराव होणार नाही. तो पहाटे ठेवावा लागेल. खेड्यावरून येणाऱ्या मुलीला शेवटची एसटी गाठायची असते, तर संध्याकाळची पहिली पाळी तिची हवी. आणि ती वहीत लिहिलेली हवी, कोणाच्या मर्जीवर नको.

असं दार उघडं असलं की काय होतं? आपल्या सुरत लाइनच्या पलीकडे गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढिया गावच्या भाविना पटेल. लहानपणी पोलिओ झाला. अहमदाबादच्या अंधजन मंडळात त्या कॉम्प्युटर शिकायला गेल्या. तिथं टेबल होतं, आणि खेळायला मिळालं. २०२१ मध्ये टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी रौप्यपदक जिंकलं.

आणि दार कोणाच्या खाजगी हातात गेलं की काय होतं, तेही सांगतो. राष्ट्रीय प्रशिक्षकानंच स्वतःची खाजगी अकादमी चालवावी का, या वादातून मनिका बत्रा न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं राष्ट्रीय महासंघाची कार्यकारिणी निलंबित केली आणि प्रशासक समिती नेमली. श्रोतेहो, हा रोग दिल्लीपुरता नाही. तालुक्यातही शिकवणी घेणारा, निवड करणारा आणि सचिव हा एकच माणूस असतो. तो भला असेल. बहुधा असतोच, कारण दुसरं कोणी पुढं येत नाही. पण त्याच्या भलेपणावर संस्था टांगून ठेवणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. निवडीच्या दिवशी दोन पालक आणि बाहेरचा एक पंच बसवा. ड्रॉ सर्वांसमोर काढा. हिशेब भिंतीवर लावा. याला पैसे लागत नाहीत.

आपल्या अहिराणीत ‘हाई मन्हं शे’ म्हणायला जीभ चटकन वळते. ‘हाई आपलं शे’ म्हणायला थोडा वेळ लागतो. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे शाळेची, वाचनालयाची, समाजमंदिराची चावी आहे, त्यांनी या आठवड्यात एवढंच करावं. एक वही घ्यावी, तिच्यात पाळ्या लिहाव्यात, आणि ती वही कुलपाच्या बाहेर ठेवावी.