गोठ्यातील शब्द आणि गोऱ्ह्याचे भवितव्य

'कार्यकर्त्यांचे खच्चीकरण' हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांत वारंवार आढळतो. तो करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा बैल नसतो. खच्ची करणे म्हणजे खोंडाची प्रजननशक्ती नष्ट करून त्याला जुवाजोगा बनविणे. खेड्यात यालाच 'बडवणे' म्हणत, आणि त्या क्रियेचे क्रौर्य शब्दातच उघडे आहे. एखाद्या मांडणीला 'भाकडकथा' म्हणून निकालात काढणाऱ्या समीक्षकालाही दूध आटलेली भाकड गाय आठवत नाही. आपला सारा कथाविचार ज्या 'गोष्ट' या शब्दावर उभा आहे, तो 'गोष्ठी'वरून, म्हणजे पर्यायाने गाई बांधण्याच्या 'गोष्ठा'वरून आला. त्याच गोष्ठाचा 'गोठा' झाला. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात. परंतु व्युत्पत्तीच्या गमतीपलीकडे या शब्दांत एक आर्थिक इतिहास साठलेला आहे, आणि तो अलीकडच्या पन्नास-साठ वर्षांत वेगाने बदलला आहे.

जनावराच्या वयाची आणि अवस्थेची बारीक वर्गवारी आपल्याकडे फार जुनी आहे. रुद्रपाठानंतर म्हटल्या जाणाऱ्या चमकाच्या दहाव्या अनुवाकात यजमान गुरांची मागणी करतो ती मोघम नव्हे. दीड वर्षाच्या 'त्र्यवि'पासून पाठीवर ओझे वाहू शकणाऱ्या 'पष्ठवाह्'पर्यंत वयाच्या पायऱ्या तेथे नर-मादीच्या जोड्यांनी येतात. पाणिनीच्या एका समाससूत्रात (२.१.६५) गाईच्या पाच अवस्था ओळीने सापडतात : एकदाच व्यालेली गृष्टि, नुकती व्यालेली धेनु, वांझ वशा, गर्भ टाकणारी वेहत् आणि वासरू मोठे झाले तरी दूध देणारी बष्कयणी. व्याकरणाच्या ग्रंथात गोठा असा सहज डोकावतो, याचे आम्हाला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

मराठीने या अवस्थांना आपले शब्द दिले. गृष्टि ती पहिलारू. बष्कयणी ती बाखड. 'वत्सरूपा'चे वासरू झाले. या 'वत्सा'चे नाते 'वत्सर' म्हणजे वर्षाशी आहे, तेव्हा मुळात तो वर्षभराचा जीव. आणि 'वात्सल्य' ही त्याच्याविषयीची ओढ. मादी वासराची कालवड होते, ती माजावर येते, वळूला दाखवली जाते, फळली तर गाभण राहते. पुढे तिची ओळख वेतावर : 'तिसऱ्या वेताची गाय'. नराची मोजदाद दातांवर. दुधाचे दात शाबूत असलेला तो आदत, मग दोनदाती, चौसा, सहादाती आणि शेवटी 'जुळलेला'. वासराचा गोऱ्हा, गोऱ्ह्याचा खोंड. बडवून जुवाला लावला की बैल, पैदाशीसाठी राखला तर वळू, देवाच्या वा मृताच्या नावाने सोडला तर पोळ.

हा पोळ धार्मिक विधीचा अवशेष एवढाच समजू नये. और्ध्वदेहिकातील वृषोत्सर्गात त्रिशूळ-चक्राचा डाग देऊन सोडलेला वळू गावभर मोकळा हिंडे, कोणाच्याही शेतात चरे, आणि गावच्या गाई फळत त्या त्याच्यामुळेच. एका मृत्यूतून गावाच्या पुढच्या पिढीच्या गुरांची सोय होत असे. अर्थात दान देणाऱ्याने उत्तम खोंड सोडला की नको असलेला, यावर त्या गावच्या वाणाचे बरेवाईट अवलंबून राही.

या व्यवस्थेत नर हे उत्पादन होते. खिल्लाराचे उदाहरण बोलके आहे. 'खिल्लार' म्हणजे मूळचा गुरांचा कळप. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात कळपाचे नाव वाणाला मिळाले. त्याच्या एका प्रकाराला आटपाडी महाल म्हणतात, तो औंध संस्थानातील आटपाडीवरून. या गाईचे दूध जेमतेम. तिची किंमत तिच्या पोटी येणाऱ्या बैलावरून ठरे. खेड्यातला शेतकरी गोऱ्हा झाला म्हणून आनंदत असे, हे आजच्या वाचकाला मुद्दाम सांगावे लागते.

१९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे 'बायफ' स्थापन केली. विदेशी वळूंच्या वीर्याने कृत्रिम रेतन करून दुधाळ संकरित गाई खेड्यापाड्यांत पोचविण्याचे मोठे काम या संस्थेने केले, आणि अनेक कोरडवाहू कुटुंबे त्यावर तगली. याबद्दल कुरकुर करणे हा पोटभरल्या अभ्यासकाचा चैनीचा उद्योग होय. पण त्याबरोबर शब्दांचे काय झाले ते नोंदवले पाहिजे. वळूच्या जागी 'कांडी' आली. गाय आता दाखवत नाहीत, 'कांडी भरतात'. संकरित गोऱ्ह्याला वशिंड जेमतेम, त्यामुळे जू नीट टेकत नाही. ऊनही सोसत नाही. शिवाय जुवाची जागाच ट्रॅक्टरने घेतली. २०१५पासून महाराष्ट्रात गाय-वासरांबरोबर वळू आणि बैल यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्या कायद्याच्या बाजूने वा विरुद्ध काहीही म्हणा. नको असलेल्या नराला पोसायचे कोणी, हा प्रश्न मात्र गोठ्याच्या मालकावरच उरला. २०१९च्या पशुगणनेत देशातील सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंशापैकी १४ कोटी ५१ लाख माद्या होत्या. २०१२च्या तुलनेत त्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या, नर मात्र घटले. आता तर 'लिंगविनिश्चित वीर्यमात्रा' मिळते, तिच्यातून दहांपैकी सुमारे नऊ वेळा कालवडच जन्मते. गोऱ्हा जन्मालाच येऊ नये, याची ही शास्त्रीय तजवीज.

एका ठिकाणी मात्र जुनी नराची परिभाषा ठणठणीत आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. राज्याने २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने ती ग्राह्य ठरविली. त्या मैदानांच्या फलकांवर 'आदत' आणि 'दुसा' हे गट मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, आणि शहरातून आलेली मुलेही खोंडाचा जबडा उघडून दात मोजायला शिकतात. तेथे खिल्लार खोंडाला भाव आहे. त्याच गावातील दूधवाल्याच्या गोठ्यात काल जन्मलेल्या संकरित गोऱ्ह्याचे दात मोजण्याची वेळ सहसा येत नाही.