फुरशांची मोजदाद

१८६२ सालच्या डिसेंबर महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारली गेली. सरासरी काढली तर दिवसाला १४,४९० फुरशी होतात. मारलेला साप आणून दाखवणाऱ्याला सरकारकडून बक्षीस मिळत असे आणि त्या दिवसांत ते चढे लावले होते. सापांच्या इतिहासावरील इंग्रजी पुस्तकांतून हा आकडा आजही अधूनमधून भेटतो. एवढ्याशा जिल्ह्यात एवढे विषारी साप, याचे नवल करून लेखक पुढे जातात. आपण मात्र येथे थोडे थांबू. या आकड्याने नेमके काय मोजले आणि काय मोजले नाही, हा प्रश्न विज्ञान शिकवणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे.

प्रथम सापाविषयी. फुरसे हा आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांपैकी सर्वांत लहान साप. बाकीचे तीन नाग, मण्यार आणि घोणस. दक्षिण भारतातील फुरसे बहुधा हात-दीड हातापेक्षा लांब नसते. रंग मातकट तपकिरी, पाठीवर फिकट ठिपके, कडेने नागमोडी पांढुरकी रेघ आणि डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण. अंगावरच्या बाजूच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. डिवचले की ते अंगाचे वेटोळे करून हे खवले एकमेकांवर घासते आणि कढईत काही तळत असल्यासारखी चरचर ऐकू येते. १८०१ साली श्नायडर या जर्मन अभ्यासकाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज त्याचे नाव ‘एकिस कॅरिनॅटस’ असे आहे.

रत्नागिरीचा सडा म्हणजे या सापाचे माहेरघर. जांभ्या दगडाचा उघडा कातळ, भेगा, सुटे धोंडे, पावसाळ्यानंतर वाळणारे गवत आणि खाण्यासाठी विंचू, गोमी, बेडूक, पाली, उंदरांची पिल्ले. दिवसा ते दगडाखाली किंवा गवताच्या बुंध्याशी पडून राहते आणि तिन्हीसांजेला बाहेर निघते. ते अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. एका वेळी तीनपासून पंधरापर्यंत पिल्ले होतात.

आता आकड्याकडे वळू. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. सावंतवाडी संस्थान सोडले, तर १९८१ साली वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा बराच भाग त्यात होता. क्षेत्रफळ सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर आणि १८७२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे दहा लाख. विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगावे. आठ दिवसांत दर चौरस किलोमीटरमागे अकरा-बारा फुरशी आणि दर नऊ माणसांमागे एक, असे उत्तर येईल. समजा एका फुरशाला दोन आणे दिले, तर रुपयाला आठ फुरशी या हिशेबाने खजिन्यातून आठ दिवसांत साडेचौदा हजार रुपये बाहेर पडले असते. १८६२ साली ही रक्कम लहान नव्हती.

बक्षीस चालू असलेल्या सहा वर्षांची वार्षिक सरासरीही नोंदलेली आहे : २,२५,७२१. म्हणजे सहा वर्षांत साडेतेरा लाखांहून अधिक साप. तरीही फुरशी संपली नाहीत. ती आजही त्याच सड्यांवर आहेत. असे का व्हावे?

पहिले कारण जननाचे. समजा शिल्लक राहिलेल्या फुरशांत एक लाख माद्या आहेत आणि प्रत्येकीला सहाच पिल्ले झाली, तरी एका हंगामात सहा लाख नवे साप तयार होतात. त्यांतील बरेच मरतील हे खरे, पण मोठे साप मारले गेल्यामुळे उरलेल्यांना अन्न आणि आडोसा अधिक मिळतो, हेही खरे. दुसरे कारण जागेचे. माणूस साप मारतो तो वाटेवर, बांधावर, गवत कापताना. कातळाच्या भेगांत हात घालायला कोणी जात नाही.

तिसरे कारण आकड्याच्या स्वरूपात आहे. बक्षीस वाढले की आणून दाखवलेल्या सापांची संख्या वाढते. म्हणून हा आकडा जिल्ह्यात फुरशी किती होती हे सांगत नाही. ठरावीक मोबदल्यात किती माणसे किती वेळ दगड उलथायला तयार होती, हे तो सांगतो. शिवाय मोजणाऱ्या कारकुनापुढे आलेला प्रत्येक ठेचलेला साप फुरसेच होता का? मांजऱ्या हा साप फुरशासारखाच दिसतो. त्याचे विष माणसाला घातक नसते, पण मेलेल्या अवस्थेत दोघांत फरक करायला सवयीची नजर लागते. एका सरासरीवरून सहा वर्षांत संख्या चढत होती की उतरत होती, हेही कळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या सगळ्या खटाटोपाचा हेतू सर्पदंशाने मरणारी माणसे वाचवणे हा होता. माणसे वाचली की नाही, याविषयी मेलेल्या सापांचा आकडा काहीच सांगत नाही.

माणसांकडे पाहण्याचे काम केले ते जी. डब्ल्यू. विडाल यांनी. मुंबई इलाख्यातील हे सनदी अधिकारी कोकणात नोकरीस होते आणि निसर्गाचे चांगले जाणकार होते. दक्षिण कोकणातील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८८० साली प्रसिद्ध झाली. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात १८९० साली विडाल यांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील विषारी सापांवर लेख लिहिला. सर्पदंशाच्या मृत्यूंची सरकारी आकडेवारी किती अपुरी आहे, हा त्या लेखाचा दुसरा विषय त्यांनी मथळ्यातच घातला होता.

तोपर्यंत सर्वसाधारण समज असा, की माणसे मारणारा साप म्हणजे नाग. फुरसे लहान, त्याच्या दंशाने माणूस लगेच मरत नाही, म्हणून त्याची गणना दुय्यम सापांत होई. विडाल यांनी दोन गोष्टी केल्या. जेथे फुरशी विपुल आहेत ते जिल्हे आणि जेथे ती विरळ आहेत ते जिल्हे यांतील सर्पदंशाच्या मृत्यूंची त्यांनी तुलना केली. फुरशांच्या मुलखात मृत्यूंचे प्रमाण ठळकपणे जास्त दिसले. दुसरे, रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलातील नोंदी त्यांनी तपासल्या. फुरसे चावून दगावलेली माणसे दंशानंतर सरासरीने चार-साडेचार दिवसांनी मरत होती. चौथ्या दिवशी रक्तस्रावाने माणूस गेला, तर त्याचा संबंध सोमवारी पायाला झालेल्या दंशाशी जोडला जाईलच असे नाही. नागाचा बळी लगेच डोळ्यांत भरतो, फुरशाचा बळी नोंदीतून निसटतो.

हा उशीर का होतो, ते आता आपल्याला माहीत आहे. नागाच्या आणि मण्यारीच्या विषाचा मुख्य मारा मज्जासंस्थेवर असतो. श्वासाचे स्नायू थांबले की काही तासांत मृत्यू येतो. फुरशाचे विष रक्तावर काम करते. त्यातील एक विकर आपल्या रक्तातील प्रोथ्रॉम्बिनला चेतवते. त्यामुळे शरीरभर बारीक गुठळ्या बनू लागतात आणि त्यात फायब्रिनोजन हे रक्त गोठवणारे प्रथिन खर्ची पडते. ते संपले की रक्त गोठेनासे होते. विषातील दुसरी विकरे रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत करतात. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त येऊ लागते. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे सगळे घडायला दिवस लागतात.

याच दिरंगाईने मांत्रिकांना आणि झाडपाल्याच्या उपायांना प्रतिष्ठा दिली. फुरसे चावलेली बहुसंख्य माणसे उपचारांशिवायही जगतात, कारण प्रत्येक दंशात पुरेसे विष जातेच असे नाही. अशा रोग्यांना काहीही दिले, तरी त्यांतील बहुसंख्य बरे होणारच आणि यश त्या मुळीच्या नावावर जमा होणार. उपाय न केलेल्यांशी तुलना केल्याशिवाय उपायाचा गुण ठरवता येत नाही, हा धडा वर्गात शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

खरा उपाय प्रयोगशाळेतून आला. १८९० नंतरच्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावरील लस, म्हणजे प्रतिविष, तयार केले. ते सर्व सापांवर चालेल अशी त्यांची अपेक्षा होती, पण ती खरी ठरली नाही. एका सापाच्या विषाविरुद्ध बनवलेले प्रतिविष दुसऱ्या जातीच्या विषावर निकामी ठरते, हे दाखवणाऱ्यांत जॉर्ज लॅम हे डॉक्टर होते. त्यांनी मुंबईत परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत काम केले. हीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. आज भारतात दिले जाणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांविरुद्ध एकत्र तयार केलेले असते. त्यासाठी विष लागते आणि विषासाठी जिवंत साप लागतात. ज्या प्राण्याला मारण्यासाठी पैसे दिले, त्यालाच पुढे सांभाळून पकडावे लागले. तमिळनाडूत इरुळा जमातीची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून हे काम करत आली आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलू शकते. त्यामुळे एका भागातील सापांच्या विषापासून केलेले प्रतिविष दुसऱ्या भागात किती गुणकारी ठरते, हा आज संशोधनाचा विषय आहे.

फुरशाच्या विषाने आणखी काही दिले. वर सांगितलेले प्रोथ्रॉम्बिन चेतवणारे विकर ‘एकॅरिन’ या नावाने रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. याच विषातील ‘एकिस्टॅटिन’ या रेणूच्या रचनेवरून ‘टायरोफिबान’ हे औषध घडवले गेले. ते १९९८ पासून हृदयविकाराच्या रोग्यांत गुठळ्या रोखण्यासाठी वापरात आहे.

विडाल यांनी काढलेला आकडेवारीचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. भारतात घरोघरी जाऊन, मृत्यूची हकीकत विचारून केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसे मेली. रुग्णालयांच्या सरकारी नोंदींतील आकड्याच्या हे तीस पटींहून अधिक आहे. त्यांतील बहुसंख्य माणसे रुग्णालयाबाहेरच मेली. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला उष्ण कटिबंधातील दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. भारत सरकारने २०२४ साली जाहीर केलेल्या कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. त्यात दंशांची आणि मृत्यूंची नीट नोंद हे एक मुख्य काम आहे.

अलीकडे रत्नागिरीचा सडा पाहायला बरीच मंडळी येतात. येथील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. शाळांच्या सहलीही तेथे जातात. सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकांनी काही गोष्टी पाळाव्यात. मुलांच्या पायांत बूट असावेत. बसण्यापूर्वी जागा पाहावी, दगड हाताने उलथू नयेत, अंधार पडल्यावर विजेरीशिवाय चालू नये. फुरसे दिसले तर दोन-तीन मीटर दूर राहावे, मारू नये. सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि मारण्याच्या प्रयत्नातच अनेकदा दंश होतो.

दंश झालाच, तर चावलेला अवयव न हलवता रोग्याला थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे. आवळून दोरी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये. तेथे डॉक्टर एक साधी तपासणी करतात. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त गोठले नसेल, तर विष शरीरात पसरले आहे असे समजून प्रतिविष सुरू करतात. पहिल्या वेळी रक्त गोठलेले दिसले, तरी रोग्याला घरी पाठवत नाहीत. ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण फुरशाचे विष सावकाश काम करते. पाय थोडा सुजला आहे, बाकी ठीक दिसते, असे म्हणून रोग्याला घरी ठेवण्याची चूक आजही घडते. निदान आपल्या शाळेतील मुलांनी तरी ही गोष्ट घरी जाऊन सांगावी.