थंडीतील कोंबुचा : ऊब हवी, आंबटपणाही हवा

साखर घातलेला चहा यीस्ट आणि जिवाणू यांच्या एकत्रित वसाहतीने आंबवून केलेले पेय म्हणजे कोंबुचा. पुणे, नाशिक येथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. त्या दिवसांत एरवी आठवडा-दहा दिवसांत तयार होणारी बरणी बराच काळ गोडच राहते. हा केवळ विलंबाचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचाही आहे.

ऊब का हवी?

यीस्ट साखरेचे विघटन करून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. जिवाणू त्या अल्कोहोलचे अॅसेटिक आम्लात रूपांतर करतात आणि पृष्ठभागावर सेल्युलोजची जाड साय धरतात. या कामाला २४ ते २९ अंश तापमान मानवते. २० अंशांखाली आम्ल हळूहळू तयार होते आणि तेवढ्या अवधीत बुरशीला शिरकाव करता येतो. कोंबुचाचे खरे संरक्षण त्याच्या आंबटपणात आहे.

दह्याचा नियम येथे अपुरा

दही कोमट दुधात विरजून पातेले गुंडाळून ठेवले की एका रात्रीत लागते. कोंबुचाला मात्र अनेक दिवस लागतात. रजई स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, असलेली फक्त टिकवते. त्यामुळे बरणी नुसती गुंडाळून भागत नाही. बाहेरून थोडी, पण सातत्याने ऊब द्यावी लागते.

काय करावे?

* चहा ३० अंशांपर्यंत निवल्यावरच त्यात साय सोडावी. कढत चहाने वसाहत मरते.
* आधीच्या खेपेतील आंबट द्रव विरजण म्हणून वापरावा. एरवी लिटरला १०० मिलिलिटर पुरतो. थंडीत तो २०० मिलिलिटरपर्यंत वाढवावा. सर्वांत परिणामकारक उपाय हाच.
* थर्माकोलच्या खोक्यात बरणीशेजारी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात आणि त्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. झाकण किंचित उघडे असावे.
* विजेची उबदार पट्टी वापरायची असल्यास ती बरणीच्या बाजूने गुंडाळावी. तळाशी ठेवल्यास तेथे बसलेल्या यीस्टला अधिक चालना मिळते.
* बरणीच्या तोंडावर घट्ट विणीचे सुती कापड बांधावे. जिवाणूंना हवा लागते, म्हणून घट्ट झाकण लावू नये.
* बरणी काचेची असावी. काही मातीच्या भांड्यांच्या झिलईतील शिसे आम्लात उतरू शकते.
* बरणीला बाहेरून चिकटवायची तापमापक पट्टी लावल्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही.

टाकून कधी द्यावे?

तपकिरी तंतू किंवा तळाचा गाळ हे यीस्ट असते. त्याने घाबरू नये. परंतु पृष्ठभागावर कोरडी, लोकरीसारखी पांढरी, हिरवी, निळी वा काळी वाढ दिसली तर ती बुरशी होय. वरचा भाग काढून उरलेले वापरण्याचा मोह टाळावा. साय आणि द्रव दोन्ही टाकून द्यावेत आणि नव्या विरजणाने पुन्हा सुरुवात करावी. पीएच पट्टीने मोजल्यास आठवड्याभरात पीएच ४.२ किंवा त्याखाली आलेला असावा. तसा तो येत नसेल, तर ती खेपही पिऊ नये.

गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींनी घरगुती कोंबुचा टाळणेच इष्ट.